नाहरच्या कपाळावरचं कुंकू

७ जानेवारी २००७, देवास

चार्जर दुरुस्त होत नाही म्हणाला पप्पू भिया, नवाच घ्या. घेतला. खरी बातमी त्यानं नंतर सांगितली. दिल्लीचे प्रकाशक जुन्या हिंदी कॉमिक्सची मोठी आवृत्ती काढून राहिलेत. लग्नाच्या अल्बमएवढं पान, जाड कागद, पक्की बांधणी, वर खोका. सुरुवातीला एकच मालिका. कुठली, ते वाचकांनी कळवायचं.

पप्पू भिया मोबाइलच्या आधी याच टपरीत कॉमिक्स भाड्यानं द्यायचा, म्हणून त्याचं मत वजनदार, असं त्याचंच मत. "दीदी, लोहपंजा! और है ही क्या?"

कर्म माझं. लोहपंजा म्हणजे दर पानावर एक ठोसा आणि ठोशाभोवती चांदणी. मागे भिंतसुद्धा काढायचे कष्ट नाहीत. ते मोठं करून काय दिसणार? मोठा ठोसा. तोंडावर सांगितलं त्याला. मोठं केल्यावर ज्यात बघायला काही उरतं, तेच मोठं छापावं. तो म्हणाला, तुमची कुठली मग? म्हटलं, घुड़सवार नाहर. "अच्छी है, पर स्लो है," म्हणाला. स्लो! घोडा चढण चढताना स्लोच चालतो रे बाबा, जाऊन बघ मांडूला.

त्याला सांगितलं नाही की नाहर आमच्या घरात जन्मला. सांगून तरी काय, पुरावा कुठाय. एकाही अंकावर बाळकाकांचं नाव नाही. "चित्र: स्टूडियो." बस्स.

९ जानेवारी

दोन दिवस डोक्यात तेच. काका तेव्हा सरदारपूरला सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की नाहर. आजोबा धारच्या पागेत होते, त्यामुळे काका घोड्यांतच वाढलेले. घोडा दमला की कान कसे पडतात, पाणी पिताना पुढचा पाय कसा टेकतो, सगळं बघून काढायचे. उन्हाळ्याच्या सुटीत मी जायची, सावल्यांत काळं भरायचं काम माझ्याकडे. रेषेबाहेर गेलं की टपली.

प्रकाशनाचे तेव्हाचे शेठजी म्हणाले होते, मास्टरजी, सरकारी नौकरी है आपकी, नाम छपा तो मुसीबत होगी. काकांना वाटलं, किती काळजी आपली! माईकाकूला मात्र कधी पटलं नाही ते. चार वर्षं झाली काकू गेली त्याला. नाव काही आलं नाही.

एका बाबतीत मात्र काका अडून बसायचे. छापून झालं की मूळ पानं परत पाहिजेत. तेवढी यायची. सगळी पेटीत आहेत, धारला, काका आता राहतात तिथे.

आता तरी नाव आलंच पाहिजे. मी आणणार.

१४ जानेवारी

दिल्लीला लिहिलं. हिंदीत मनूनं टाइप करून दिलं. (आमच्या लेकीला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ठेचा लागतात. म्हणून ही वही टेबलावर उघडी राहिली तरी मला भीती नाही.)

हे म्हणाले, चाळिशी उलटली, आता कॉमिक? तिळगूळ देत होते तेव्हाच म्हणाले. गोड बोला म्हणे.

२ फेब्रुवारी

दिल्लीहून फोन!! संपादक. आवाजावरून मुलगाच वाटला, पण बोलायला साखरेचा. म्हणाला, बाकी मालिकांची मूळ पानं कुठेच नाहीत, जुन्या छापील अंकांवरून मोठं केलं की सगळं फुटतं. "दीदी, ओरिजिनल सच में हैं? सारे?" म्हटलं, सारे. "तो फिर नाहर पहला. वोट-वोट तो ठीक है."

मी विचारलं, नाव? "बिल्कुल दीदी. पहले पन्ने पर, बड़े अक्षरों में."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या, डाळीची पेज झाली. खाल्ली सगळ्यांनी गुपचूप.

११ फेब्रुवारी, धार

इंदूरला बस बदलून आले. काका वाळलेत. मी सांगितलं तर, "नाव? आता? कशाला गं सुमे," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला राग आला. इतकी धावाधाव केली, थोडं हसायचं तरी!

दुपारी रद्दी बांधायला घेतली. पेपरच्या कडेनं सगळीकडे सही. कालच्या पेपरवर, परवाच्या. पूर्ण नाव, खाली घोड्याच्या शेपटीसारखी ओढलेली रेघ. मनूनं फोनवर कल्पना दिली असणार आधीच. मी गुपचूप सुतळी बांधली. आता काकांचा चेहरा बघणार मी पुस्तक हातात आल्यावर.

संध्याकाळी पेटी. "खंडेनवमीशिवाय उघडत नाही," म्हणत होते, मग उघडली. कपड्यात गुंडाळलेले गठ्ठे. कापूर आणि जुन्या शाईचा वास. पहिला गठ्ठा सोडला आणि वरचं पान दिव्याजवळ नेलं.

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर आजोबांची तलवार, खोगिराची रिकीब, मग काकांचे कुंचले, शाईचे टाक, आणि प्रत्येक गोष्टीचं पहिलं पान. पहिलं पान म्हणजे पानभर एकच चित्र, नाहर घोड्यावर. माईकाकू सगळ्यांना कुंकू लावायची, तेलात कालवलेलं. घोड्याला एक, नाहरला एक. दरवर्षी. जुन्या गोष्टींनाही परत. घोडा काळा, त्याचं कुंकू शाईत जिरून गेलं. पण नाहरचा चेहरा! कपाळावरनं नाकापर्यंत लाल, तेल पसरून गालापर्यंत पिवळट.

जन्मभर बघत आले हे. पूजा म्हणूनच बघितलं. डाग म्हणून आज दिसलं.

१९ फेब्रुवारी, देवास

येताना इंदूरला चार पानं स्कॅन करून घेतली, सीडी पाठवली. वाटलं, दिल्लीचे लोक आहेत, काहीतरी करतील मशीननं.

१ मार्च

"दीदी, ये चेहरों पर क्या गिरा है?"

सांगितलं. मग म्हणाला, पुसलं तर रेषापण जाते, शाईच्या आत शिरलंय. काही हरकत नाही, आमचा एक मुलगा आहे, कंप्यूटरवर चेहरे नवीन बसवेल. "रीडर को पता भी नहीं चलेगा."

नावाचं विचारलं. काकांचं राहीलच, त्या मुलाचंही येईल शेजारी. बरोबरीनं. म्हणजे काका आयुष्यभर घोडे काढत बसले, आणि हा महिनाभर तोंडं चिकटवणार, दोघं सारखेच.

१८ मार्च, धार

उद्या पाडवा, म्हणून श्रीखंड घेऊन आले. नमुन्याचं पान पण आणलं, दिल्लीहून आलेलं. काकांनी चष्मा पुसला, उन्हात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

"हा कोण?"

म्हटलं, नाहर.

"हा कोण बसवलाय माझ्या घोड्यावर? याला हनुवटीच दिसतेय नुसती. हा कधी उपाशी राहिलाय का एक दिवस तरी?"

खरं होतं. सिनेमातल्या हिरोसारखा गुळगुळीत. खाली घोडा घामानं निथळतोय आणि वर हा पावडर लावून बसलाय.

पण मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, काका, नाव येतंय तुमचं, तोंड राहू दे कसंही. ते म्हणाले, "माईचं बोट आहे ते. आत्ता पुसायचं नाही. मी गेल्यावर काय ती साफसफाई करा." मग मी पण सुटलेच. म्हटलं, काकूनंच लाल केलं तुमचं सगळं काम, आणि तुम्ही बघत बसलात, इतक्या वर्षांत एकदा हात धरवला नाही तिचा! पूजा करायची होती तर टाकांची करायची होती!

काकांनी श्रीखंड तसंच झाकून ठेवलं. मी संध्याकाळच्या बसनं परत. सणाला थांबले नाही. चूक की बरोबर, मला नाही माहीत. अजून राग आहेच. काकूचा जास्त. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ते एक.

२६ मार्च, देवास

बसमध्ये सुचलं, आठवडाभर घोळवलं, आज फोन केला. म्हटलं, जसं आहे तसंच छापा ना. मोठी आवृत्ती कशाला असते? कॉमिक तर सगळ्यांनी वाचलेलंच आहे. आता कागद बघायचाय. कुठे पेन्सिल राहिलीय, कुठे पांढरा रंग लावून चूक झाकलीय, कुठे डायलॉगचं चिटोरं सुटलंय. कुंकूपण त्यातलंच. ज्याच्यावर इतकं प्रेम झालंय तेच तर मोठं छापायचं.

चांगलं बोलले मी. माझं मलाच वाटलं.

तो म्हणाला, "दीदी, बच्चे समझेंगे खून है." आणि मग, हळू आवाजात, "और सिंदूर-विंदूर का मामला है, कोई कुछ बोल देगा तो? हम कॉमिक्सवाले हैं." अरे, ज्या घरात लावलंय त्या घरचीच मी बोलतेय, आणखी कोण बोलणार!

चुलीत जावो ती आवृत्ती.

१२ ऑगस्ट

आवृत्ती काही चुलीत गेली नाही. लोहपंजा आला. पप्पू भियानं दुकानात काचेखाली ठेवलाय, हात धुवायला लावून मग दाखवला. पान उघडलं. मोठा ठोसा. जुन्या छपाईचे ठिपके मसुराएवढे. जवळनं बघितलं तर ठोसा पण दिसत नाही, ठिपकेच. खोका मात्र सुंदर. आत जे आहे त्यापेक्षा खोक्यावर मेहनत.

तो पानं उलटत होता, मग हळूहळू उलटायचा थांबला. "दीदी, बड़ा तो हो गया... पर है कुछ नहीं इसमें."

मी हसले नाही. हसायला पाहिजे होतं. बिचाऱ्यानं दोन महिने पैसे साठवले होते. त्याला मग सगळं सांगितलं, काकांचं. तो उभाच राहिला. "नाहरवाले? यहीं धार में? और आप चार्जर लेकर चली जाती थीं?"

१५ सप्टेंबर

पप्पू भियानं दिल्लीला इतके फोन केले की शेवटी त्यांनी मलाच फोन केला. दुसरी आवृत्ती नाहर. अट तीच, चेहरे नवीन. दिवाळीच्या आत परवानगीचा, काकांच्या सहीचा कागद पाहिजे. नाही आला तर 'गुप्तचर गोटू'. गोटू! त्याला तर मानच नाही काढलेली, धडावर डायरेक्ट टोपी.

कागद टपालानं आलाय. काकांशी न बोलता सहा महिने झाले.

३ ऑक्टोबर

धारला फोन केला. तब्येतीचं बोलले, पावसाचं बोलले, मग कागदाचं. काका म्हणाले, "नवमीला ये. घेऊन ये तो." आवाजात काही नव्हतं. ना राग, ना काही.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी, धार

सकाळी पोचले. काकांनी पाट मांडून ठेवला होता. तलवार, रिकीब, कुंचले, टाक, पानं. काकू गेल्यापासून ते नुसती पेटी उघडायचे, हात जोडायचे आणि बंद करायचे, आज कळलं. आज झेंडू आणलेला. वाटीत कुंकू कालवलेलं, तेल जरा जास्तच.

मी पर्समधून कागद काढला. वाचला पण नाही त्यांनी. टाक शाईत बुडवला आणि सही केली. पूर्ण नाव, खाली शेपटी. सवयीची झालेली, एका दमात.

"तुला नाव पाहिजे होतं ना. घे."

तुला.

मी म्हटलं, काका, तुम्हालाही पाहिजे होतं. पेपरवर बघितल्या मी सह्या. ते म्हणाले, "पाहिजे होतंच की. माई होती तोवर फार पाहिजे होतं. तिला दाखवायचं होतं." मग म्हणाले, "शाई वाळू दे," आणि कागद टाकांच्या शेजारी पाटावर ठेवला. "आता लाव सगळ्यांना. आता तूच आहेस लावायला."

बसले. तलवारीला लावलं, रिकिबीला लावलं. कुंचल्यांना. पानांना. घोड्याला एक, नाहरला एक, काकूचं जिथे होतं तिथेच. वाटलं होतं हात अडेल, अडला नाही. डोळ्यांत पाणी होतं, पुढचं नीट दिसत नव्हतं, बोट आपलं चालत राहिलं, पाटावर जे जे आहे त्याला. टाकांना. आणि शेजारच्या कागदाला.

सहीवर. बरोब्बर नावावर. ओली शाई आणि तेल एक झालं, आडनाव गेलं, शेपटी तेवढी राहिली.

मी "अगंबाई" म्हणून ओरडलेच. काका बघत होते. मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील. दोन्ही नाही. फूल ठेवलं कागदावर. टाकांवर ठेवलं तसंच.

जेवताना पुरणपोळी एक जास्त घेतली त्यांनी, एवढंच.

आत्ता पप्पू भियाचा फोन येऊन गेला. "दीदी, साइन हो गया?" म्हटलं, झालं. खोटं नाही ते.

कागद अजून पाटावरच आहे, उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचा नाही. दिल्लीवाले असला कागद घेणार नाहीत. दुसरा मागवायचा तर उद्याच फोन करायला हवा. काका सही करतील, विचारणारसुद्धा नाहीत.

बोटाचं कुंकू दोनदा साबण लावूनही गेलेलं नाही. फोन करायचा की नाही, ते सकाळी ठरवीन.