लाल पेन्सिलीच्या खोट्या खुणा

प्रिय अक्का,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर आईनं तुझी पेटी उघडली आणि लुगड्यांच्या घड्या घालता घालता मला एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. काल छापखान्यात एका लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव जुळवलं. सात वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. म्हणून आज रजा टाकून तुला लिहायला बसलो आहे.

अक्का, तू माझ्याशी खोटं का वागलीस?

सुरुवातीपासून लिहितो. तुला माहीत आहे ते पुन्हा लिहिलं तरी चालेल, कारण मला सगळं ओळीनं मांडल्याशिवाय समजत नाही.

चाळीसगावहून दाजी तुला माहेरी, पिंप्राळ्याला घेऊन आले तो दिवस आठवतो? त्याआधी चुलीवर दूध ठेवून तू सासरच्या घरातून निघून गेली होतीस आणि संध्याकाळी स्टेशनच्या फलाटावर बसलेली सापडलीस. सहा वर्षांची सुमन घरात रडत होती. तुझ्या सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं की डोकं ठिकाणावर येईपर्यंत सून नको. दाजी ओसरीवर मान खाली घालून बसले होते. मी तुला नंतर विचारलं, कुठं निघाली होतीस? तू म्हणालीस, कुठंच नाही, फक्त ओळखीचं एकही तोंड दिसायला नको होतं. हे तुझं वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

त्याच महिन्यात आमच्या छापखान्यात धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं काम आलं. मथळा होता, ‘पाळीपूर्वी मन बिघडणाऱ्या स्त्रियांसाठी रोजची नोंद’. खाली एकतीस चौकोन. तो मजकूर जुळवताना आमचे फोरमन मिशीत हसले आणि म्हणाले, “मधू, तुझं लग्न व्हायचंय, हे काम मला दे.” मी दिलं नाही. अक्षरांचे खिळे लावता लावता मी खालच्या सूचना वाचत होतो. विनाकारण रडू येणं, अंगावर धावून जाणं, झोप न लागणं, जगणं नकोसं होणं, आणि पाळी सुरू होताच सगळं निवळणं. माझे हात थांबले. ही तर तू होतीस! मधले पंधरा दिवस हसणारी, मला पंचांगबुवा म्हणून चिडवणारी, आणि मग एकाएकी दुसरीच कुणी.

पारोळ्यामार्गे एस. टी.नं आपण धुळ्याला गेलो. बाईंनी तुला अर्धा तास तपासलं. तसं कोणत्याच डॉक्टरनं तुला तपासलं नव्हतं. भगतानं तर नुसता अंगारा लावला होता. मग तुला बाहेर बसवून बाई मला म्हणाल्या, अशा बायका मी तीन वर्षं पाहते आहे, त्यांच्या नोंदी जमवते आहे. याला वेड म्हणत नाहीत, हा शरीराचा आजार आहे, आणि यावर परदेशात औषध निघालं आहे. पण आधी तीन महिन्यांची नोंद हवी. वाईट दिवसांना निळी खूण, पाळीच्या दिवसांना लाल. निळं आधी येऊन लाल सुरू होताच थांबलं, तर मी तुमच्या दाजींना स्वतः पत्र लिहीन.

दाजींनीही निघताना मला बाजूला घेऊन एवढंच मागितलं होतं, डॉक्टरनं लिहून दिलं तर मी आईला समजावतो. म्हणजे तुझं घर, तुझी सुमन, सगळं त्या तीन कागदांवर होतं.

बाईंनी एक अट घातली. आपण काय शोधतो आहोत ते बहिणीला सांगू नका, नाहीतर ती नकळत तसंच वागेल. मी ती अट पाळली. तुला फक्त म्हणालो की डॉक्टरांना तारखा हव्या आहेत. तू हसलीस. “काय पंचांगबुवा, आज मी कशी आहे?” असं रोज विचारायचीस, आणि वाईट दिवसांत विचारायचीसुद्धा नाहीस. मी न विचारताच निळी खूण करायचो.

लाल खुणेसाठी तर तुला विचारायची गरजच नव्हती. आपल्याकडे ती गोष्ट कुणाला विचारावी लागते का? मागच्या पडवीत घोंगडीवर तू वेगळी बसलेली दिसलीस, पाण्याचा तांब्या बाजूला दिसला, की मी लाल पेन्सिल घ्यायचो. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आलीस की थांबायचो. घोंगडी खोटं बोलेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

तीन महिने झाले. तीन तक्ते घेऊन आपण पुन्हा धुळ्याला गेलो. बाईंनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. निळं सुरू व्हायचं, दुसऱ्याच दिवशी लाल लागायचं, चार दिवसांनी लाल संपायचं, आणि निळं पुढेही दोन दिवस चालूच. तिन्ही महिने तेच. बाईंनी तुला विचारलं, “तारखा बरोबर आहेत ना?” तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस.

बाईंचा चेहरा उतरला. हा तो आजार दिसत नाही, म्हणाल्या. मनाच्या डॉक्टरांना दाखवा, पुण्याला चिठ्ठी देते. दाजींना पत्र गेलं नाही. पुण्याचं नाव मात्र कसं कोण जाणे चाळीसगावला पोचलं, आणि तुझ्या सासूबाईंनी तुझे कपडे गाठोडं बांधून पाठवले. सुमनचा एक जुना फ्रॉक चुकून त्यात आला होता. तो तू शेवटपर्यंत उशाशी ठेवलास. पाच महिन्यांनी काविळीनं तू गेलीस. दाजी सुमनला घेऊन आले ते तेराव्याला.

मी वर्षभर बाईंना दोष देत होतो. मोठी तज्ज्ञ म्हणे! आणि परवा आई पेटीपुढे बसून म्हणाली, “ती पडवीमा बसे तवय तिले काहीच नही व्हये.”

मला आधी कळलंच नाही. मग आईनं सांगितलं. मन काळं व्हायला लागलं की तू आपणहून पडवीत जाऊन बसायचीस. चार दिवस कुणी शिवणार नाही, हाक मारणार नाही, काम सांगणार नाही, म्हणून! खरी पाळी त्यानंतर दोन-तीन दिवसांनी यायची, तेव्हा तू घरात भाकऱ्या थापत असायचीस. आईनं लुगड्याखाली वाळत घातलेले पाळीचे कपडे पाहिले होते. जिनं साठ वर्षांत देवाच्या भांड्याला कधी विटाळ होऊ दिला नाही, ती गप्प राहिली. तेवढ्या दिवसांत तुला देवघराकडे जाऊ द्यायची नाही, “राहू दे, मी करस,” म्हणायची. मला वाटायचं, आई तुझ्याशी किती तुटक वागते!

मी आईवर ओरडलो. तेव्हाच का नाही सांगितलं? तिनं लुगडं खाली ठेवलं.

“माले बठ्ठं माहीत व्हतं, भाऊ. पन तू गडीमाणूस शे. तुले हाई कसं सांगू?”

म्हणजे घरातल्या दोन्ही बायकांना माहीत होतं, आणि कागदावर मी एकटा खोटं लिहीत होतो! माझ्या इतक्या काळजीपूर्वक केलेल्या खुणा! एकही खाडाखोड नाही! तुला एकदासुद्धा वाटलं नाही का, मध्याला सांगावं? कागदाची घडी करून, चिठ्ठी लिहून, कसंही?

आईला मी खऱ्या तारखा विचारल्या. तिला आठवत होत्या. पहिल्या महिन्यात संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या महिन्यात ऐन संकष्टीला, त्या दिवशी तिनं नैवेद्याचे मोदक स्वतः वेगळे केले होते. तिसऱ्यात संकष्टीच्या आदल्या दिवशी. मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, तिन्ही संकष्ट्या पाहिल्या आणि नव्या कागदावर लाल खुणा केल्या. निळं थांबतं आणि तिथंच लाल लागतं. तिन्ही महिने. अक्का, बाई बरोबर होत्या. तुला वेड नव्हतं.

तो कागद पाहून मी रडलो नाही. मला तुझा राग आला. अजूनही आहे.

पण काल लग्नपत्रिका चुकल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि ती जात नाही. मी काय शोधतो आहे ते तुला सांगितलं नव्हतं. त्या तारखांवर तुझी सुमन अवलंबून आहे हे तुला कुठं माहीत होतं? तुला वाटलं असेल, भाऊ काहीतरी लिहीत बसतो, त्याची आवड. माहीत असतं तर पडवी सोडली असतीस. आणि बाईंनी तारखा विचारल्या तेव्हा मी त्या खोलीत तुझ्या खुर्चीमागे उभा होतो. बाहेर जायचं मला सुचलंच नाही. मला भीती होती की तू एखादी तारीख चुकवशील. माझ्यासमोर तू काय सांगणार होतीस?

उद्या सकाळच्या गाडीनं मी आईला घेऊन धुळ्याला जातो आहे. खऱ्या तारखा बाईंना तीच सांगेल. आई नको म्हणत होती, मग तिनंच नवं लुगडं काढून ठेवलं. जुने तीन तक्ते आणि नवा कागद बरोबर आहेत. बाईंना सांगेन की तुमच्या नोंदींतल्या आणखी किती बायका अशा घोंगडीवर बसल्या असतील ते त्यांनाच विचारा, त्यांच्या भावांना आणि नवऱ्यांना नको. तुझ्याबद्दलचं ते पत्र आता लिहून मागेन. दाजींना एक प्रत देईन, दुसरी सुमनसाठी जपून ठेवीन. ती मोठी होईल, तिलाही कदाचित असे दिवस येतील, तेव्हा तिची आई वेडी होती असं तिला कुणी सांगायला नको.

आणि अक्का, हे वचन आहे. आई आत जाईल तेव्हा मी बाहेर थांबेन.

तुझ्यावर रागावलेला,
तुझाच
मधू