निरभ्र आकाश आणि कुरडया

मंगळवार, संध्याकाळ. मुक्काम बीबी गाव.

चूक माझीच. हवामान खात्याच्या आठवड्याच्या अंदाजात 'अंशतः ढगाळ' आलं होतं. गावचा बातमीदार म्हणून तो पेपरला धाडताना मी 'आकाश निरभ्र' केलं, कानाला बरं वाटलं म्हणून. त्या निरभ्रावर विसंबून हिने कुरडयांचा गहू भिजवला. तीन दिवस भिजलेला गहू थांबतो थोडाच? आज गच्चीवर कुरडया घातल्या आणि चारलाच थेंब पडायला लागले.

ओल्या कुरडया उतरवताना शेजारच्या मंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, निरभ्र म्हन्जे असंच असते काय?"

ही एवढंच म्हणाली, "आता ह्या तुमच्याच खोलीत वाळतीन."

लेकीच्या सासरी पाठवायच्या, त्यामुळे बोलायची सोय नाही. पलंगावर कुरडया, टेबलावर कुरडया, पंखाही त्यांचाच. मी घामाघूम, उंबऱ्यावर बसून पुढल्या आठवड्याचा अंदाज उतरवतो आहे. आला तसाच, अक्षरही न बदलता.