सहाव्या दिवशीची दोन पानं

गुरुजी, तुम्ही मला शाळेत एकच वर्ष शिकवलंत. बियाणं राखायला मी माझा मीच शिकलो, असं मी नेर गावभर सांगत फिरायचो आणि तुम्ही ऐकून हसायचात. बोंडअळीच्या त्या वर्षांत घरोघरी पाकिटातलं बियाणं होतं. जुन्या देशी कपाशीची सरकी फक्त माझ्याकडे, अकरा डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. म्हणूनच सह्याद्रीतून आणलेलं रानकॉफीचं बी तुम्ही माझ्या ओट्यावर ठेवलंत. ओल्या फडक्यात एकोणचाळीस बिया. तिथल्या एका उतारावर त्याची तीनच झुडपं उरली होती, आणि तिथूनच रस्ता जाणार होता.

"लेका, हे सरकी नाही. वाळलं का मेलं. ओल्या वाळूत, सावलीत ठेवजो."

"गुरुजी, आता बियाणं मले शिकवता काय?"

"शिकवून राह्यलो, काहून का तू ऐकत नाहीस."

तुमची एसटी निघाली आणि मी बिया सुपात पसरल्या. चार दिवस कडक ऊन. एक दाताखाली धरली, कट्ट वाजली, समाधान वाटलं. मग राख लावून बाराव्या डब्यात. मृगात पेरल्या, एकही आली नाही. उकरून फोडली तर आत काळी भुकटी.

यवतमाळच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर आहात, मी बिस्किटांचा पुडा घेऊन उभा आहे. "उगवलं काय रे?" तुम्ही विचारता. "उगवलं ना! सहाव्या दिवशी. दोन दोन पानं हायेत." बारकाव्यानिशी बोलायची माझी खोड. तुम्ही जरा वेळ माझ्याकडे पाहता. "बरं झालं. ऊन लागू नको देजो." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. पुढच्या वर्षी रस्ता झाला, झुडपं गेली.

खूप वर्षांनी एका रोपवाटिकेतून साध्या कॉफीचं ताजं बी आणलं, तुम्ही सांगितलं तसं ओल्या वाळूत लावलं. कोंब वर यायलाच दीड महिना लागला. तोही बी डोक्यावर घेऊन, काडेपेटीतल्या काडीसारखा. पानं त्यानंतर कितीतरी दिवसांनी. सहाव्या दिवशी दोन पानं कपाशीला येतात, गुरुजी. अशी कॉफीची रोपं तुम्ही पूर्वी स्वतः वाढवली होती. म्हणजे खाटेवर पडल्या पडल्या तुम्हाला दोन्ही कळलं होतं, बी मेलं हेही आणि मी कसा आहे हेही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. रानकॉफीचं कोणी विचारलं, तर रोपं वाळवीनं खाल्ली असं मी सांगतो. कालही एकाला तेच सांगितलं.