कॅसेटवरची बाई

आई,

काल आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मी शेजाऱ्यांना मोबाइलवर गेम खेळायला बसवलं होतं. तुला हसू आलं असतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी आता बदलापूरला शिरगावात राहतो आणि ठाण्याच्या एका लहान कंपनीत गेम तपासतो. बनवणारे वेगळे असतात. गेम कुठे अडकतो, कुठे बंद पडतो, ते शोधणं माझं काम. दिवसभर खेळायचंच असतं, पण त्यात खेळण्याची मजा नसते. एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा आपटायचं. पात्राला पाण्यात बुडवायचं, कड्यावरून टाकायचं, मेलं की नीट उठून उभं राहतं का ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. मला हे चांगलं जमतं. आमचे साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, ते सगळ्यांसमोर म्हणतात, ‘यांच्याइतकं शांतपणे मारणारं आपल्याकडे कोणी नाही.’ सगळे हसतात. मीही हसतो.

उद्या मला तिथे एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. आमच्या नव्या गेममध्ये मुख्य पात्र बाई आहे. वादळात डोंगरातल्या गावांची वीज गेलेली असते आणि ही एकटी खांबांवर चढून, तारा जोडत गावोगाव जाते. चाळिशीची, अंगाने भरलेली, सलवार-कमीजवर हेल्मेट आणि कमरेला पक्कड. तिला आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने काढलं आहे. ही मुलगी अंबरनाथची, तिने दोन वर्षं या बाईवर घालवली आहेत. आता पैसे लावणारे म्हणतात, पात्र पुरुष करा, खेळणारे बहुतेक मुलगे असतात. म्हणून आम्ही दोन प्रती केल्या, सगळं सारखं, फक्त एकीत बाई आणि दुसरीत बाप्या. मी लोकांना खेळवून बघायचं आणि सोमवारी सांगायचं, फरक पडतो की नाही. साहेब निघताना म्हणाले, ‘सिंपल आहे. फरक पडत असेल तर पुरुष घेऊ, कारण लोकांना तोच हवाय. पडत नसेल तरी पुरुषच घेऊ, मग बाईच कशाला पाहिजे?’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या मुलीने मात्र मान खाली घालून बॅग भरली.

तेव्हा मला सिंधी वस्तीतली, कॅम्प चारमधली आपली खोली आठवली. मी सातवी-आठवीत असेन. मागच्या गल्लीतले सिंधी शेठ टीव्ही गेमच्या कॅसेट बनवायचे आणि तू त्यांच्याकडून काम घरी आणायचीस. प्लॅस्टिकचे दोन भाग, मध्ये सर्किटची हिरवी पट्टी, मागे एक स्क्रू, पुढे स्टिकर. शेठनी तपासायला एक मशीनही दिलं होतं. कॅसेट लावायची, चित्र आलं की काढायची, एवढंच तुझं काम होतं. पण चित्र आलं की तू कंट्रोल हातात घ्यायचीस. दुपारी शाळेतून मी येतो तर तू जमिनीवर, पाय पसरून, टीव्हीच्या अगदी जवळ बसलेली आहेस. शेजारच्या काकू दारातून विचारतात, ‘काय वहिनी, पोरांचं खेळणं घेऊन बसलात?’ तू मान न वळवता सांगतेस, ‘चेकिंग चालू आहे.’ एकदा बाबा पहिली पाळी संपवून अंबरनाथहून आले आणि त्यांनी विचारलं, भात कुठाय. तू म्हणालीस, ‘वाढून घ्या. माझं शेवटचं लाइफ आहे.’ बाबांनी वाढून घेतलं आणि तुझ्या मागे उभ्या उभ्या जेवले. पाणी प्यायला आत गेले तेवढाच वेळ त्यांची नजर टीव्हीवर नव्हती.

तुझा आवडता गेम एकच होता. एक ठिपक्यांचा माणूस डावीकडून उजवीकडे पळतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो. बोटाच्या पेराएवढा. तू त्याला बाईच म्हणायचीस. ‘आता ही वर चढेल.’ ‘हिला इथे खाली वाकावं लागतं.’ मी सांगायचो, आई, तो सोल्जर आहे. तू म्हणायचीस, ‘तू आत जाऊन आलास का बघायला?’ स्टिकरचे ताव शेठकडून कसेही मिसळून यायचे. त्यात मोटारी, राक्षस, सोल्जर आणि हातात बंदूक घेतलेली, लांब मोकळ्या केसांची एक बाई. शेठ म्हणायचे, जे हाताला येईल ते लावा. पण तू निवडून लावायचीस. मोटारींच्या गेमला मोटार. आणि त्या पळणाऱ्या गेमच्या सगळ्या कॅसेटवर तू ती बाई लावलीस. तुझ्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आत जे आहे तेच तू बाहेर लावलं होतंस.

पंधरवड्याने शेठ पिशवी घेऊन स्वतः दारात आले. ते तुला अदी म्हणायचे, त्यांच्यात बहिणीला म्हणतात तसं.

‘अदी, ये क्या लगाया? लडके लोग वापस कर रहे हैं. बोलते हैं लेडीज वाली नहीं मंगता.’

‘अंदर तो वही है ना शेठ? चलता नहीं क्या?’

‘चलता है. बराबर चलता है.’

‘तो फिर?’

‘अंदर का तेरे को मालूम, मेरे को मालूम. गाहक तो ऊपर देखता है. इस पे दूसरा मार दे, आदमी वाला.’

ते चिडले नव्हते. चहा घेऊन गेले. पण जाताना म्हणाले, ‘और अदी, चेक करने का मतलब खेलने का नहीं होता,’ आणि तुझे कान लाल झाले. संध्याकाळी तू स्टिकर सोलायला बसलीस, पण गोंद पक्का होता, बाई निघेना, नुसती फाटायची. शेवटी तिच्यावरच सोल्जर चिकटवलास. सोल्जरचा स्टिकर थोडा अरुंद होता, त्यामुळे कडेने तिच्या केसांची टोकं दिसत राहिली. मी ते दाखवलं तर म्हणालीस, ‘राहू दे. त्याचेच म्हणून खपतील.’ आणि खपले. तेच मुलगे, तीच कॅसेट, परत आली नाही. आमच्या वर्गातल्या एकाने घेतली होती. त्याला मी पळणाऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, एक नंबर फायटर आहे.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होतो. तुझी चाळिशीही पूर्ण झाली नव्हती. कावीळ म्हणता म्हणता तू हॉस्पिटलमधून घरी आलीच नाहीस. खोलीत माणसं दाटली होती. आत्या माझी पाठ चोळत म्हणत होती, रडून घे, रडून घे रे. मला रडायला आलं नाही. मी मुद्दाम आवरलं असं नाही, आलंच नाही. कोण कुठे बसलंय, कोणाला पाणी हवंय, एवढं दिसत होतं. नंतर मशीन न्यायला शेठकडचा माणूस आला, तेव्हा मी वायर गुंडाळून, रबर लावून ते त्याच्या हातात दिलं. बाबा म्हणाले, मोठा झालास. तेव्हापासून साधारण असंच आहे. बाबा गेले तेव्हाही असंच होतं. बायको म्हणते, तुम्ही लग्नाच्या फोटोतही रांगेत उभे असल्यासारखे दिसता. तिची तक्रार नसते. मला कशाचा त्रास होत नाही, आणि नोकरीत याचा उपयोगच झाला आहे.

तर कालचं सांगतो. कॉलेजची मुलं आली, खालच्या किराणावाल्याचा भाऊ आला, बायकोच्या भिशीतल्या दोघी आल्या. मी निम्म्यांना बाई दिली, निम्म्यांना पुरुष. मुलांपैकी एक बघताक्षणीच म्हणाला, ‘काका, ये क्या, आंटी दिली?’ दुसरा म्हणाला, ‘अरे तुझ्या मम्मीसारखी आहे बघ, आता ओरडेल.’ हसले सगळे. पण थोड्या वेळाने तोच मुलगा जिभेचं टोक दातात धरून, खांद्यासकट वाकून तिला खांबावर चढवत होता आणि तोंडाने म्हणत होता, ‘मी पोचलो, मी पोचलो, थांब.’ आंटी कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती. खेळ संपल्यावर त्याला विचारलं, बाई होती म्हणून काही वाटलं का. त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, ‘विकत घेताना जेन्ट्स दिसला तर घेईन. खेळताना काय, चालतं.’ भिशीतल्या एकीला मात्र मी आधी विचारलं होतं, तुम्हाला कोणतं हवं. मला वाटलं बाई मागेल. ती म्हणाली, ‘पुरुष द्या. बाई तर घरात रोज असते मी. इथे निदान कोणी चहा मागणार नाही.’ आणि तिने ताडताड खेळून सगळ्यांच्या आधी दोन गावं उजळली. याचं नक्की उत्तर काय काढायचं, मला कळत नाही. घेताना फरक पडतो, खेळताना पडत नाही, आणि कोणाला कोणत्या बाजूने पडेल हे आधी सांगता येत नाही, एवढंच म्हणता येईल. साहेबांना एका ओळीत हवं आहे.

संध्याकाळी त्या अंबरनाथच्या मुलीचा फोन आला. ‘सर, गेली ना ती? खरं सांगा.’

मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही.

‘मी बोलले तर म्हणतील, हिचीच आहे म्हणून बोलते. तुम्ही बोललात तर ऐकतील. तुम्ही कधीच काही मागत नाही ना, म्हणून.’ मग म्हणाली, ‘तिला काढलं तर मी राहीन असं वाटत नाही, सर. दुसरीकडे बघेन. हे धमकी म्हणून नाही सांगत.’

मी बरं म्हटलं. तिला वाटलं असेल, ह्यांना काही पडलेली नाही. लोकांना तसं वाटतं आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

आज रविवार. सकाळपासून मी काय बोलायचं ते जुळवतो आहे. मुलं विसरतात, हे सांगेन. बाहेरचं चित्र बदलून आतली बाई तशीच ठेवता येते, हेही सुचवू शकतो. ते त्यांना पटेल, पैसे लावणाऱ्यांनाही पटेल, पण तसं मी सुचवणार नाही. ती आत आहे तर बाहेरही तीच असू दे, एवढंच म्हणेन. साहेब विचारतील, कारण? मी इतक्या वर्षांत मीटिंगमध्ये असं कधी काही म्हटलेलं नाही, त्यामुळे ते नक्की विचारतील. मी म्हणेन, मला वाटतं. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. बहुतेक नाही. कारण मात्र तिथे सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुला सांगतो, आणि हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून सांगतो.

गेममध्ये तिसऱ्या गावाच्या आधी एक तुटलेला पूल आहे. तिथून उडी कुठून मारायची हे पडल्याशिवाय कळत नाही, तो तसाच बनवला आहे. माझं काम म्हणजे तिथून प्रत्येक बाजूने पडून बघायचं. पुरुषाला घेऊन ते मी एका बैठकीत उरकलं, चहा पीत. मग बाईची प्रत घेतली. ती कडेपर्यंत येते, थांबते, हेल्मेट नीट करते. हे तिला त्या मुलीने शिकवलं आहे. बोट पुढे दाबलं की ती जाते. पडताना ती ओरडत नाही, फक्त हात वर होतात. तीन-चार वेळा मी ते केलं. त्यानंतर ती पडली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो, आणि पुन्हा उभी राहिल्याचा आवाज आला की मगच इकडे वळायचो. गुरुवारपासून ती कडेवर उभी आहे. ऑफिसात मी सांगितलंय, दोन्ही प्रती तपासून झाल्या. झालेल्या नाहीत. मला ते बघवत नाही.