पंपघराचं रजिस्टर

सोमवार, १४ तारीख, सकाळचे अकरा
आरोग्य कार्यालय

प्रिय ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली, आता स्वतः सुई ओवते म्हणे. तुझ्या बायकोला सातवा लागला ना? जेवण जातं का तिला? मळमळ, अंगात कणकण असं काही? सहज विचारते.

सहज नाही विचारत. पण क्रमाने सांगते.

गावात काविळीची साथ आहे, हे तुला ठाऊकच आहे. आजवर एकेचाळीस रुग्ण. त्यांत दोघी गरोदर, त्यातली एक काल दगावली. माझं काम म्हणजे घरोघर चौकशा करायच्या आणि भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचायच्या. साहेबांचा संशय शाळेसमोरच्या बर्फवाल्यावर होता, पण निम्म्या रुग्णांनी त्याचा बर्फ कधी चाखलाही नव्हता. टाचण्या मात्र सगळ्या तू पंप चालवतोस त्या टाकीच्या नळांवर. पलीकडच्या टाकीवर एकही नाही.

म्हणून शुक्रवारी, तू जेवायला गेलेला असताना, पंपघरातलं रजिस्टर पाहिलं. पाण्यातल्या क्लोरीनचा रोजचा आकडा, दोन महिने एकच: ०.५. आईच्या ऑपरेशनच्या तीन दिवसांतही तोच. तेव्हा तर तू माझ्याशेजारी दवाखान्याच्या बाकावर बसला होतास. "काळजी नको ताई, रजिस्टर आधीच भरून आलोय," म्हणालास आणि मी हसले. साथीचा माग काढून पोट भरणारी बाई, हसले.

आता माझं ऐक. तपासणीच्या थेंबांची बाटली शुक्रवारी माझ्या पर्समध्ये होती, नळ दहा पावलांवर होता. मी थेंब टाकले नाहीत. पर्स बंद केली आणि परत आले. साहेबांना म्हटलं, अजून धागा लागत नाही. आज सकाळी टाकले. पाणी पिवळं व्हायला हवं होतं, ते होतं तसंच राहिलं. क्लोरीनचं मशीन कधीपासून बंद आहे, हे तुलाही सांगता येणार नाही.

तासाभरात गाडी भोंगा लावून फिरली, पाणी उकळून प्या म्हणून. पण मधल्या तीन दिवसांत जे लोक ते पाणी प्यायले, त्यांना आजारी पडायला महिना लागेल. महिनाभर मी टाचण्या मोजणार आणि यातल्या माझ्या कोणत्या, ते शोधत बसणार.

रिपोर्टात तुझं नाव आहे. त्याखाली माझे तीन दिवसही लिहिलेत. फोन मुद्दाम केला नाही, तुझा आवाज ऐकला तर ती ओळ खोडेन अशी भीती वाटते. पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरबरोबर मेकॅनिक आहे. त्याला सगळं खरं सांग, गाढवा.

तुम्हीही त्याच नळाचं पाणी पिता रे. बायकोला दारात, उजेडात उभी कर आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग नीट पाहा. जरा जरी पिवळा वाटला तर याच गाडीत बसवून आण. नसला तर ड्रायव्हरजवळ दोन ओळी दे.

पण या वेळी आधी बघ, मग लिही.

गाडी परत येईपर्यंत खिडकीशी उभी असलेली,
तुझी ताई