ढगातलं झाड

पूर्णा, मे १९८६

भुजंगा,

बसून लिहायला मला दम निघत न्हाई, म्हणून सरळच सांगते. फौजेतून सुट्टीवर येताना तू सिक्कीमहून आणलेलं ते गुरांसाचं, लाल फुलांच्या डोंगरी झाडाचं रोप वाळायलंय. तिकडं बी ते उंच डोंगरावर, ढगातच कुठंतरी सापडतं म्हणलास. मी त्याला रानातली काळी माती घातली, वरून शेणखत. आपल्या काळीत काय बी येतंय, ह्या मिजाशीत. मुळ्याच कुजल्या. आता रांजणाजवळ ठेवून भवती ओलं गोणपाट बांधलंय. तुझे दाजी हसायलेत, "आता पंखा बी लाव त्याला!"

हसू दे. मला घोर वेगळाच हाय. जाताना तू म्हणलास, "अक्का, हे जगलं तरच दिलमायाला इकडं नांदायला आणीन. न्हाईतर नोकरी सुटल्यावर तिच्याच गावी राहीन." असली कसली रे परीक्षा? झाडाला तोंड हाय का? तुझ्या बायकोला हाय. उकडलं तर सांगंल, पटलं न्हाई तर माझ्याशी भांडंल. मी काय तिला शेणखत घालणार हाय?

एक फांदी अजून हिरवी हाय. सारखी उठून नखानं खरवडून बघायलेय.

हे मनात ठेववंना म्हणून लिहिलं, पण ही चिठ्ठी टपालात टाकायची न्हाई. सकाळीच कार्ड टाकलंय, झाड लय बरं हाय, दोघं या म्हणून. आल्यावर मला काय बोलायचं ते बोल, पण तिला मागं ठेवून येऊ नको.

तुझी अक्का,
तानुबाई