चक्कर येऊ द्यायची होती

शामदादा,

यवतमाळच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "मान फिरवली की आईंना चक्कर येईलच. येऊ द्या, रोज आली तरच ती हळूहळू सुटेल." आपली याडी भिंतीवरच्या टिकलीकडे नजर लावून मान फिरवायची. मळमळलं तरी थांबायची नाही. एकटी मोरीपर्यंत जायला लागली होती.

मग तुझा फोन आला. "याडीले कायले छळून राह्यली? बंद कर ते." तिनं तुझंच ऐकलं.

परवा ती मोरीत पडली. खुबा मोडला. आता चालणं कठीण, म्हणतात.

मला म्हणाली, "शामले सांगू नको. लेकरू मायेनं बोललं."

म्हणून हे पत्र टाकत नाही. तू विचारशील तेव्हा सांगेन, चक्कर थांबली. खोटं नाही ते. पडून राहिलं की येत नाही.

तुझी,
बबिता